मोबाईलवर मस्त चालणारा व्हिडिओ गेममध्ये टाकला की का अडखळतो?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. समजा, तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीने याच बाजारावर छोटासा गेम करायला घेतला. खेळणारा मिरचीच्या ढिगाजवळ गेला की खऱ्या बाजाराचा व्हिडिओ सुरू होणार, लिलावाचा आवाज ऐकू येणार. व्हिडिओ तिने मोबाईलवर, सेकंदाला ६० फ्रेम या सेटिंगवर घेतला. मोबाईलवर तो एकदम छान चालतो. गेममध्ये टाकला की मात्र झटके खातो, मध्येच थांबतो, आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं.

अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो. लॅपटॉप बदल. नाहीतर ग्राफिक्स कार्ड टाक. शेतकरी घरातल्या मुलीसाठी हा सल्ला म्हणजे कधीकधी गेम बनवण्याचा नादच सोडून देणं. आणि बऱ्याचदा तो चुकीचाही असतो, कारण दोष मशीनच्या ताकदीत नसून फाईलमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असतो. तो शोधायला पैसे लागत नाहीत, तासभर वेळ लागतो.

हा विषय आता फक्त पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंपुरता राहिलेला नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमने अनरिअल इंजिनवर केलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या आराखड्यासह धोरण मंजूर केलं. युनिटी, अनरिअल आणि गोडो ही तिन्ही गेम इंजिनं, म्हणजे गेम तयार करण्याची सॉफ्टवेअर, शिकणाऱ्याला फुकट वापरता येतात. अडतं ते पुढे, अशा बारीकसारीक गोष्टींपाशी.

फाळक्यांच्या काळापासूनचा प्रश्न

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला किती फ्रेम, तो फ्रेम रेट.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा कॅमेरे हाताने फिरवले जात. मूकपटांचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेमच्या आसपास असे, पण हात माणसाचा, त्यामुळे तो कमी-जास्त व्हायचा. बोलपट आले, आवाज फिल्मच्या पट्टीवर छापला जाऊ लागला, आणि वेग बदलला की माणसांचा आवाजही बदलू लागला. म्हणून २४ फ्रेम हा वेग पक्का झाला. १६ फ्रेमने घेतलेला मूकपट २४ च्या प्रोजेक्टरवर लावला तर तो दीडपट वेगाने पळतो. जुन्या मूकपटांतली माणसं तुरुतुरु चालताना दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

घेतलेला वेग आणि दाखवायचा वेग जुळत नाही, एवढाच तो गोंधळ होता. गेममध्ये तो वाढतो, कारण तिथे दोन नाही तर तीन घड्याळं एकाच वेळी चालतात. व्हिडिओचं एक, गेमचं दुसरं आणि पडद्याचं तिसरं.

पडद्याचं घड्याळ सर्वात कडक. साधारण लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, यालाच ६० हर्ट्झ म्हणतात. त्यावर ३० फ्रेमचा व्हिडिओ सहज बसतो, प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची. ६० चा तर जसाच्या तसा बसतो. ५० फ्रेमचा व्हिडिओ घेतला की गणित बिघडतं. दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा बारीक हिसके. आणि १२० फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या पडद्यावर लावला तर एक सोडून एक फ्रेम फेकून दिली जाते. कष्ट दुप्पट, फायदा शून्य.

एक गमतीशीर प्रकार आहे ५९.९४ फ्रेमचा. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्ही आला, तेव्हा सिग्नल जुळवण्यासाठी फ्रेम रेट हजारात एक भागाने कमी केला गेला. तो आकडा आजही अनेक कॅमेऱ्यांत तसाच आहे. असा व्हिडिओ बरोबर ६० हर्ट्झच्या पडद्यावर चालवला की साधारण दर १७ सेकंदांनी एक फ्रेम दुहेरी पडते. त्यामुळे “सगळं नीट चालतं, पण मधूनच ठरावीक वेळाने एक झटका बसतो” अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच आकड्यावर घ्यावा.

१६.६७ मिलिसेकंद

सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद. १२० असतील तर ८.३३. एवढ्या वेळात इंजिनला फाईलचा पुढचा तुकडा डिस्कवरून वाचायचा असतो, तो उलगडायचा असतो, त्याचे रंग पडद्याच्या भाषेत बदलायचे असतात, ते चित्र ग्राफिक्सच्या मेमरीत पोहोचवायचं असतं आणि मग ते गेममधल्या भिंतीवर किंवा फलकावर काढायचं असतं. हे सगळं गेमचं स्वतःचं काम सांभाळून.

एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली तर? उशीर जेमतेम एक तृतीयांश मिलिसेकंदाचा, पण पडदा थांबत नाही. स्टँडवरून एसटी सुटल्यावर अर्ध्या मिनिटाने पोहोचलेल्या माणसाला अर्धं मिनिट नाही, पुढच्या गाडीपर्यंतचा पूर्ण वेळ थांबावं लागतं. तसंच ती फ्रेम पुढच्या फेरीला दिसते आणि आधीचीच फ्रेम दुप्पट वेळ पडद्यावर राहते. डोळ्याला तो झटका जाणवतो. म्हणूनच ६० फ्रेमचा गेम किंचित जड झाला तरी थेट ३० वर आल्यासारखा वाटतो.

उलगडणं म्हणजे काय, तेही पाहू. फाईलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एखादा व्यापारी महिन्याच्या सुरुवातीला सगळा माल मोजून वहीत लिहितो आणि पुढे फक्त रोजची आवक-जावक नोंदवतो, तसं हे काम चालतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि त्यानंतर फक्त बदल. मधल्या एखाद्या क्षणावर उडी मारायची तर इंजिनला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत मागे जाऊन सगळी बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. खेळणारा व्हिडिओ मागेपुढे करू शकत असेल आणि तिथेच गेम अडकत असेल, तर फाईल बनवताना पूर्ण चित्रं जवळजवळ ठेवावीत. फाईल फुगते, पण उडी हलकी होते.

उलगडल्यानंतरचा आकार पाहिला की ओझ्याचा अंदाज येतो. १०८०पी ची एक फ्रेम, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर, सुमारे ८.३ एमबीची होते. सेकंदाला ६० म्हणजे जवळपास ५०० एमबी. फोर-के व्हिडिओ असेल तर सेकंदाला सुमारे २ जीबी. “फाईल तर फक्त ४० एमबीची आहे” हा युक्तिवाद इथे चालत नाही. ती पेंड बांधलेली असते तेव्हा ४० एमबी असते.

मोबाईलची फाईल ६० ची असतेच असं नाही

आता खऱ्या आरोपीकडे. मोबाईलमध्ये ६० फ्रेम निवडले तरी अनेक फोन अंधार पडला, फोन तापला किंवा काम वाढलं की फ्रेम कमी घेतात. उजेडात ६०, आडोशाला ४५, शेडखाली ३० असा एकाच व्हिडिओत वेग बदलत राहतो. याला बदलता फ्रेम रेट म्हणतात. प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची याची वेळ फाईलमध्ये लिहिलेली असते. मोबाईलचा प्लेअर ती वेळ पाळतो, म्हणून तिथे काही खटकत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअर आणि गेम इंजिन मात्र काही वेळा सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असं धरून चालतात. मग चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. व्हिडिओच्या सुरुवातीला सगळं जुळतं आणि शेवटी आवाज आणि चित्र एकमेकांपासून सुटलेले असतात, ही या दुखण्याची खूण.

मोठ्या चित्रपटांनाही हा प्रश्न पडला होता. पीटर जॅक्सन यांचा ‘द हॉबिट’ २०१२ मध्ये ४८ फ्रेमने दाखवला गेला आणि बऱ्याच प्रेक्षकांना तो टीव्ही मालिकेसारखा वाटला. जेम्स कॅमेरॉन यांनी २०२२ च्या ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’मध्ये काही दृश्यं ४८ ची आणि काही २४ ची ठेवली. पण प्रोजेक्टरला वेग बदलायला लावला नाही. संपूर्ण चित्रपट ४८ वरच चालला, २४ च्या दृश्यांत प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली गेली.

आपल्या फाईलचं करायचं तेही हेच. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फाईलचा फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’ आहे की ‘कॉन्स्टंट’ ते दाखवतं. व्हेरिएबल असेल तर हँडब्रेक या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून व्हिडिओच्या टॅबमध्ये ६० फ्रेम आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचं, एन्कोडर एच.२६४ ठेवायचा, आकार १०८०पी. बस. अनेक तक्रारी इथेच मिटतात.

एच.२६४ च का? नवे फोन जागा वाचवण्यासाठी एच.२६५ किंवा एचईव्हीसी या पद्धतीत व्हिडिओ साठवतात. फाईल लहान होते, पण उलगडणं जड असतं, आणि विंडोजवर त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागू शकतं. साधा ८ बिटचा एच.२६४ उलगडणारं खास सर्किट मात्र दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्येही असतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं.

आणखी एक, आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट. मोबाईलवरून लॅपटॉपवर व्हिडिओ नेण्यासाठी तो व्हॉट्सॲपवर पाठवला जातो. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. त्यात गेलेला तपशील नंतर कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. केबल वापरावी, नाहीतर व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

फाईल सुधारूनही व्हिडिओ अडखळत असेल तर अंदाजाने सेटिंग बदलत बसू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं.

तीच फाईल आधी व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये चालवा. तिथेही अडखळली तर इंजिनचा काही संबंध नाही. तिथे नीट चालली तर इंजिनमध्ये नवा रिकामा सीन घ्या, त्यात फक्त व्हिडिओ ठेवा. रिकाम्या सीनमध्ये नीट आणि खऱ्या गेममध्ये अडखळत असेल तर व्हिडिओ निर्दोष आहे, गेमच जड झाला आहे. झाडं, सावल्या, दिवे यांच्याकडे वळा. रिकाम्या सीनमध्येही अडखळला तर त्याच व्हिडिओची ७२०पी, ३० फ्रेमची प्रत करून लावून बघा. ती सुरळीत चालली तर उलगडण्याचा किंवा चित्र ग्राफिक्सपर्यंत नेण्याचा टप्पा तुंबतो आहे. तीही अडखळली तर दोष वेगाचा नाही, कुठल्यातरी सेटिंगचा आहे.

हे सगळं शक्यतो तयार गेममध्ये करावं. एडिटर उघडा असताना त्याचंही ओझं असतं, आणि तिथला झटका खेळणाऱ्याला कधी दिसणारच नाही.

लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे ना, हेही बघायचं. लोडशेडिंगच्या वेळी बॅटरीवर काम सुरू असेल तर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग कमी करतात, काही पडद्याचाही. दुपारी नीट चालणारा गेम रात्री अडखळायला लागला, तर कारण एवढंच असू शकतं.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर एक छान चाचणी आहे. प्रत्येक फ्रेमवर १, २, ३ असे आकडे टाकलेला ६० फ्रेमचा व्हिडिओ तयार करायचा, तो गेममध्ये चालवायचा आणि दुसऱ्या मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमवर, पडद्याचं शूटिंग करायचं. मग ते शूटिंग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायचं. प्रत्येक आकडा साधारण चार फ्रेम दिसला पाहिजे. एखादा आकडा आठ फ्रेम टिकला तर तिथे चित्र थांबलं. १७ नंतर थेट १९ आला तर एक फ्रेम गळाली. सगळे आकडे आठ-आठ फ्रेम टिकत असतील आणि एकाआड एक गळत असतील, तर गेमच ३० वर चालतो आहे. व्यावसायिक टीमकडे यासाठी महागडी साधनं असतात. दोन मोबाईलमध्येही काम भागतं.

प्रत्येक इंजिनची खोड वेगळी

शेवटचा प्रकार, सगळंच ३० वर चालणं, युनिटीत मोबाईल गेम करणाऱ्यांना हमखास भेटतो. बॅटरी वाचावी म्हणून मोबाईलवर युनिटीचा गेम मुळातच सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो. व्हिडिओ ६० चा असला तरी गेम जेवढ्या वेळा चित्र काढेल तेवढ्याच फ्रेम दिसणार. ‘टार्गेट फ्रेमरेट’ ६० केला की प्रश्न सुटतो. एका ओळीचं काम आहे, आणि याच्यासाठी लोकांनी फोन बदललेले असू शकतात.

युनिटीच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘स्किप ऑन ड्रॉप’ नावाची खूणही असते. ती चालू असेल तर मागे पडलेला व्हिडिओ मधल्या फ्रेम गाळून वेळ गाठतो. बंद असेल तर एकही फ्रेम गळत नाही, पण व्हिडिओ मागे पडत जातो. दोन्हींत झटका आहेच, कोणता चालेल ते आपण ठरवायचं. आवाजासोबतचा व्हिडिओ असेल तर गाळलेला बरा. व्हिडिओ कोणत्या घड्याळावर चालवायचा, तेही निवडता येतं. गेमच्या घड्याळावर ठेवला आणि गेम ‘पॉज’ केला की व्हिडिओही थांबतो. मेनूमागे चालणारा व्हिडिओ गोठतो तो बहुधा यामुळे.

सुरू होतानाच व्हिडिओ अडकत असेल तर तो आधी ‘प्रिपेअर’ करून ठेवावा. खेळणारा ढिगाजवळ पोहोचण्याआधी दहा पावलांवरच तयारी सुरू करायची, पोहोचल्यावर फक्त चालू करायचा.

अनरिअलमध्ये ‘स्टॅट युनिट’ ही आज्ञा टाइप केली की गेमच्या हिशेबाला, चित्र काढण्याच्या तयारीला आणि ग्राफिक्सला किती मिलिसेकंद लागतात ते वेगवेगळं दिसतं. १६.६७ च्या वर कोण गेलं, ते लगेच कळतं. व्हिडिओ फाईल ‘कंटेंट’ फोल्डरमधल्या ‘मूव्हीज’ या फोल्डरमध्ये ठेवावी, नाहीतर एडिटरमध्ये दिसणारा व्हिडिओ तयार गेममध्ये गायब होतो.

गोडोचं वेगळंच आहे. त्यात मुळात ऑग थिओरा या जुन्या पद्धतीचा व्हिडिओ चालतो आणि तो उलगडण्याचं सगळं काम मुख्य प्रोसेसरवर पडतं. त्या खास सर्किटचा इथे काही उपयोग होत नाही. त्यामुळे गोडोमध्ये १०८०पी, ६० फ्रेमचा हट्ट न धरता ७२०पी वर यावं, हे बरं.

पडद्यावर सरकणारे पट्टे

कधीकधी झटके नसतात, पण व्हिडिओत उजेड लुकलुकतो, काळसर पट्टे वर-खाली सरकतात. हा दोष इंजिनमध्ये शोधून सापडणार नाही, तो शूटिंगच्या वेळीच फाईलमध्ये शिरलेला असतो.

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, ६० फ्रेमच्या कॅमेऱ्याला दिसतं, कारण १०० ला ६० ने भाग जात नाही. उन्हात घेतलेल्या व्हिडिओत हा त्रास नसतो, दिव्यांखाली घेतलेल्यात असतो. ५० फ्रेमने शूटिंग केलं तर लुकलुक थांबते, पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते सेकंदाला दहा हिसके येतात. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये फ्रेम ६० च ठेवून शटर १/१०० सेकंदावर लावावं. प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची एक पूर्ण लुकलुक सामावते आणि पट्टे जातात. चित्र थोडं काळं येतं, म्हणून एखादा जादा दिवा लागेल.

मग खर्च करायचा कधी?

काही वेळा मशीन खरंच कमी पडतं. फोर-के व्हिडिओ १२० फ्रेमने हवा असेल तर उलगडलेली चित्रंच सेकंदाला ४ जीबी होतात. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि १२० हर्ट्झचा पडदाही, नाहीतर निम्म्या फ्रेम वाया. एकाच वेळी चार-पाच व्हिडिओ चालवायचे असतील, प्रदर्शनात भिंतभर पडदा असेल, तर हॅप नावाची पद्धत वापरतात. त्यात उलगडण्याचं बरंचसं काम ग्राफिक्सवर जातं आणि प्रोसेसर मोकळा होतो. पण फायली प्रचंड मोठ्या असतात. १०८०पी, ६० फ्रेमचा एक व्हिडिओ सेकंदाला ६० एमबीच्या घरात डिस्कवरून वाचावा लागू शकतो. जुनी फिरती हार्डडिस्क अशा दोन व्हिडिओंतच दमते.

एका गेममध्ये, एका फलकावर, १०८०पी चा एक व्हिडिओ एवढंच काम असेल तर यातलं काही लागत नाही. वरच्या सगळ्या चाचण्या करूनही लॅपटॉपवर पैसे घालायचेच असतील, तर जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आधी बसवावी. ती ग्राफिक्स कार्डपेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड नंतर बदलताच येत नाही.